महाकाय भोपळ्यासाठी आच्छादने : आखूड उन्हाळ्यात वेलीला जास्तीचे दिवस मिळवून देण्याची रीत

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मे महिन्याचा पहिला आठवडा उलटेपर्यंत रात्री पारा शून्याखाली जाण्याची धास्ती असते आणि सप्टेंबर सरत आला की ती पुन्हा सुरू होते. मधल्या साडेचार-पावणेपाच महिन्यांत भोपळ्याच्या वेलीला रुजायचे असते, पसरायचे असते, फळ धरायचे असते आणि ते पोसायचेही असते. वजनस्पर्धेची तारीख वेलीच्या सोयीने ठरत नाही. कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथील प्रसिद्ध स्पर्धा ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते, आणि त्या दिवशी भोपळा काट्यावर चढायलाच हवा. असे असूनही मिनेसोटातीलच अनोका येथील ट्रॅव्हिस गिंगर या उद्यानविद्येच्या शिक्षकाने २०२३ साली तेथे २७४९ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२४७ किलोंचा भोपळा नेऊन त्या वेळचा जागतिक विक्रम केला. थंड प्रदेशात एवढे फळ पोसायचे, तर हंगामाच्या दोन्ही टोकांना आच्छादनांचा आधार घ्यावा लागतो. तो कसा घ्यावा, कोठे पुरे करावा आणि कोणत्या टोकाला अधिक श्रम घालावेत, हे या लेखात सांगितले आहे.

येथे ज्या भोपळ्याविषयी बोलत आहोत तो अटलांटिक जायंट या वाणाचा आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील विंडसर गावचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी हा वाण निवडपद्धतीने विकसित केला, आणि आज स्पर्धेत उतरणारे जवळजवळ सगळे भोपळे त्याच वंशाचे असतात. बी पेरल्यापासून परागीभवनापर्यंत साधारण ६५ ते ७५ दिवस आणि तेथून पुढे फळ वाढण्यास ९० ते १०० दिवस, असा त्याचा हिशेब असतो. फळाची खरी वाढ परागीभवनानंतरच्या विसाव्या ते पन्नासाव्या दिवसादरम्यान होते. त्या काळात चांगल्या वेलीवरचा भोपळा दिवसाला १५ ते २५ किलोंनी वाढतो. शेवटच्या पंधरवड्यात हीच वाढ दिवसाला एक-दोन किलोंवर येते.

या आकड्यांवरून माझे एक ठाम मत बनले आहे. बहुतेक नवे बागायतदार सप्टेंबरमध्ये घोंगड्या घेऊन धावपळ करतात आणि मे महिन्यात मात्र रोपाला नशिबावर सोडतात. वास्तविक मे महिन्यात मिळवलेला दिवस पानांत गुंतवला जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा ऊन भरपूर असते आणि फळाची भूक सर्वांत मोठी असते, तेव्हा तीच पाने त्या दिवसाची परतफेड करतात. ऑक्टोबरमध्ये मिळवलेला दिवस फार तर दोन किलो देतो. म्हणून वेळ, पैसा आणि झोपमोड यांपैकी जे काही खर्च करायचे असेल, त्याचा मोठा वाटा वसंतातल्या आच्छादनावर करावा.

आच्छादन काय करते आणि काय करत नाही

आच्छादन ऊब निर्माण करत नाही. दिवसा जमिनीत मुरलेली उष्णता रात्री निसटून जाण्याचा वेग ते कमी करते, एवढेच त्याचे काम आहे. आणि बहुतेक चुका या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन व पाने आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहतात आणि पाने भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यामुळे हवामान खात्याने किमान तापमान २ किंवा ३ अंश सेल्सिअस सांगितले असले तरीही पानांवर बर्फाचा पांढरा थर धरू शकतो. त्यालाच येथे फ्रॉस्ट म्हणतात, आणि भोपळ्याचे कोवळे पान त्याच्या एका रात्रीतही काळे पडते. ढगाळ रात्री तेच तापमान बहुधा निर्धोक जाते, कारण ढग स्वतःच आच्छादनाचे काम करतात. निफाडच्या द्राक्षबागांत थंडीची लाट आल्यावर पहाटे शेकोट्या पेटवणारा शेतकरी या उघड्या आकाशाशीच झगडत असतो.

साहित्य निवडताना हे लक्षात ठेवावे की साध्या पॉलिथिनच्या कागदातून सूर्यप्रकाश जसा आत येतो, तशीच रात्रीची ही निसटती उष्णताही बऱ्याच अंशी बाहेर जाते. स्वच्छ रात्री एकेरी प्लॅस्टिकखालचे तापमान बाहेरच्यापेक्षा एक-दोन अंशांनीच अधिक असते, आणि तेवढ्यावर विसंबून अनेकांनी रोपे गमावली आहेत. याउलट, महाराष्ट्रात कलिंगड-खरबुजाच्या शेतात ज्याला क्रॉप कव्हर म्हणतात ते पांढरे, न विणलेले कापड हवा खेळती ठेवते, पाणी झिरपू देते आणि उष्णताही काहीशी रोखते. १९ जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला १९ ग्रॅम वजनाचे) हलके कापड साधारण दोन अंशांचे संरक्षण देते आणि सुमारे ८५ टक्के प्रकाश आत सोडते. ५० जीएसएमचे जाड कापड तीन-चार अंशांचे संरक्षण देते, परंतु प्रकाश निम्म्यावर आणते, म्हणून ते केवळ रात्रीपुरते वापरावे. जाड कापडाचा एकच थर घालण्यापेक्षा बाहेर प्लॅस्टिक, आत चार-सहा इंच मोकळी हवा आणि त्याखाली कापड, अशी रचना निश्चितच सरस ठरते, कारण अडकलेली हवाच उबेची खरी राखणदार असते.

लागवडीपूर्वीची तयारी

बी एप्रिलच्या मध्यापासून अखेरपर्यंत घरात पेरावे. बियांना २७ ते ३२ अंशांची ऊब दिल्यास ते तीन ते पाच दिवसांत उगवते. पहिले खरे पान उमलले की रोप जमिनीत जाण्यास तयार होते. कुंडीत ते आणखी थांबवले, तर मुळे गोल फिरू लागतात आणि पुढे त्याची भरपाई होत नाही. म्हणजेच बी पेरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत बाहेरची जागा सिद्ध असली पाहिजे, आणि ती सिद्ध करण्याचे काम बी पेरण्याच्याही आधी सुरू होते.

ज्या जागी रोप लावायचे तेथील दोन मीटर लांब-रुंद माती लागवडीच्या दोन ते तीन आठवडे अगोदर ओलसर करून तिच्यावर प्लॅस्टिक अंथरावे. काळ्या प्लॅस्टिकपेक्षा पारदर्शक प्लॅस्टिकखाली माती अधिक तापते, कारण सूर्यप्रकाश थेट मातीपर्यंत पोहोचतो. त्याखाली तणही जोमाने उगवते, परंतु लागवडीपूर्वी ते उपटून टाकणे अवघड नसते. मातीत दहा सेंटिमीटर खोल तापमापक खोचून सकाळी सातच्या सुमारास तापमान पाहावे. दुपारी घेतलेली नोंद फसवी असते. सकाळचे तापमान सलग तीन-चार दिवस १६ ते १८ अंशांच्या आसपास राहू लागले, की रोप लावण्यास हरकत नाही. त्याहून थंड मातीत मुळे नुसती बसून राहतात, आणि वर कितीही उत्तम तंबू उभारला तरी वेल पुढे सरकत नाही. अनुभवी बागायतदार येथे मातीत पंधरा सेंटिमीटर खोल तापणारी तार पुरतात आणि तिला तापमान-नियंत्रक जोडतात. विजेचा तेवढा खर्च परवडत असेल, तर हंगाम पुढे ओढण्याचा याहून खात्रीचा दुसरा उपाय नाही. बाहेरच्या वापरासाठीच बनवलेली तार घ्यावी आणि ओल लागताच वीजपुरवठा तोडणाऱ्या सुरक्षित जोडणीवरच ती लावावी.

वसंतातला तंबू

एका वेलीसाठी १.८ मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब तंबू पुरतो. त्यापेक्षा लहान केल्यास वेल दोन आठवड्यांतच भिंतीला टेकते, आणि शिवाय लहान जागेतली हवा फार झपाट्याने तापते व तितक्याच झपाट्याने निवते. दोन्ही कडांना साठ-साठ सेंटिमीटर अंतरावर लोखंडी सळईचे तुकडे जमिनीत अर्धे ठोकावेत आणि त्यांवर तीन मीटर लांबीचे पीव्हीसी पाइप वाकवून बसवावेत. पाच कमानी लागतात आणि मध्यभागी सुमारे एक मीटर उंची मिळते. कमानींच्या माथ्यावरून एक आडवा पाइप बांधला नाही, तर पहिल्याच वादळात सगळ्या कमानी एका बाजूला झोपतात. वर घालण्यासाठी चार मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, १५० मायक्रॉन जाडीचा, सूर्याच्या अतिनील किरणांना टिकणारा हरितगृहाचा कागद घ्यावा. बांधकामावर वापरतात तो स्वस्त कागद एका उन्हाळ्यात कडक होऊन फाटतो.

कागदाची एक लांब कड पंधरा-वीस सेंटिमीटर खोल चरात पुरून टाकावी आणि दुसरी कड मात्र मोकळी ठेवून तिच्यावर वाळूच्या पिशव्या रचाव्यात, म्हणजे रोज ती बाजू उचलता येते. ही मोकळी बाजू थंड वाऱ्याकडे नसावी. या भागात वसंतातला बोचरा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणून मी ती दक्षिणेला ठेवतो. शेवटी संपूर्ण तंबूवरून नागमोडी दोर आवळावा. मे महिन्यातील गडगडाटी वादळे येथे गाराही आणतात, आणि सैल फडफडणारा कागद स्वतः फाटण्याआधी आतल्या रोपाला झोडपतो.

रोप तंबूच्या मध्यभागी लावण्याची चूक जवळजवळ प्रत्येकजण पहिल्या वर्षी करतो. अटलांटिक जायंटची मुख्य वेल सर्वसाधारणपणे पहिल्या खऱ्या पानाच्या विरुद्ध दिशेला धावते. म्हणून रोप तंबूच्या एका टोकापासून अर्ध्या मीटरवर, पहिले पान त्या जवळच्या टोकाकडे वळवून लावावे; असे केले की वेलीला पुढे दोन मीटरची मोकळी वाट मिळते आणि तंबू आठवडाभर अधिक काळ कामी येतो. लावताना मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये, आणि पाणी घालताना ते नळाचे गार पाणी नसून आदल्या दिवशी तंबूत ठेवून कोमट झालेले असावे.

रोजची उघडझाप

तंबू उभारणे एका दिवसाचे काम आहे. तो चालवणे महिन्याभराचे. थंडीने जितकी रोपे मरतात त्याहून अधिक रोपे मे महिन्यात बंद तंबूच्या उष्णतेने मरतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बाहेर केवळ १५ अंश तापमान असताना स्वच्छ उन्हात बंद प्लॅस्टिकखाली पारा सहज ४० अंशांपलीकडे जातो. माझ्या पहिल्या वर्षी एका ढगाळ सकाळी तंबू बंद ठेवून मी कामावर गेलो, दहाच्या सुमारास आभाळ मोकळे झाले, आणि संध्याकाळी परतल्यावर पानांच्या कडा कागदासारख्या पांढऱ्या व कोरड्या झालेल्या दिसल्या. रोप वाचले, परंतु तंबूने मिळवून दिलेले दहा दिवस त्या एका दिवसाने परत नेले.

आतील हवेचे तापमान २७ अंशांपुढे जाऊ लागले की मोकळी बाजू उचलावी, आणि ३२ अंशांना ती पूर्ण उघडी असावी. तापमापक आत सावलीत, पानांच्या उंचीवर टांगावा. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे तापमान दाखवत नाही, स्वतःचे दाखवतो. ज्यांना दिवसभर घराबाहेर राहावे लागते त्यांनी आपोआप उघडणारी झडप बसवून घ्यावी: तिच्या नळकांड्यातील मेण तापले की फुगून दांडा ढकलते आणि झाकण उचलले जाते, थंड झाले की झाकण खाली येते, यास वीज लागत नाही. तीही नसेल, तर दिवसभर थोडे थंड राहिलेले रोप भाजलेल्या रोपापेक्षा बरे, या न्यायाने एक बाजू वीतभर उघडी ठेवूनच घर सोडावे.

दुपारी चार-पाचच्या दरम्यान, अंगावर ऊन असतानाच तंबू पुन्हा बंद करावा. सूर्य मावळेपर्यंत थांबल्यास जमिनीतली ऊब निघून गेलेली असते आणि आपण गार हवेवर झाकण घालतो. रात्री आत १० अंशांच्या खाली जाऊ नये, एवढे उद्दिष्ट ठेवावे, कारण त्याखाली वेलीची वाढ जवळजवळ थांबते. त्यासाठी तंबूच्या आत वाकवलेल्या तारांच्या छोट्या कमानींवर क्रॉप कव्हर घालावे आणि कडेने पाण्याने भरलेले काळे कॅन ठेवावेत. वीस लिटर पाणी दहा अंशांनी थंड होताना सुमारे ०.२३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता सोडते. आठ तासांच्या रात्रीत ती विभागली तर २९ वॅट होतात, म्हणजे असे दोन कॅन साठ वॅटच्या एका दिव्याइतकी ऊब रात्रभर देतात, आणि तीही दिवसा सूर्याने फुकट भरलेली असते. जेव्हा पारा खरोखरच शून्याखाली जाण्याचे भाकीत असेल, तेव्हा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा आत लावावा. एलईडी दिवा याकामी निरुपयोगी आहे, कारण तो उष्णता फारशी देतच नाही. दिवा कापडापासून, प्लॅस्टिकपासून आणि पानांपासून किमान हातभर दूर असावा आणि घट्ट बांधलेला असावा, कारण वाऱ्याने तो कापडावर पडल्यास आग लागू शकते. हीच खबरदारी छोट्या हीटरलाही लागू आहे.

आच्छादनाखाली दमटपणा वाढतो आणि खोडाच्या बुंध्याशी कूज धरते, म्हणून पाणी सकाळीच द्यावे, बुंध्यापासून थोडे लांब द्यावे आणि पाने ओली करू नयेत. दिवसातून एकदा तरी, ढगाळ दिवस असला तरीही, आतील हवा बदलू द्यावी. आच्छादनाचा एक जोडलाभ असा की काकडीवर्गावर पडणारे पट्टेदार भुंगेरे कोवळ्या रोपापर्यंत पोहोचत नाहीत. मात्र गेल्या वर्षी त्याच जागी भोपळा असेल, तर मातीत दडलेल्या किडी आच्छादनाच्या आतच बाहेर पडतात आणि त्यांना आयतेच घर मिळते.

तंबू काढण्याची वेळ वेल स्वतः सांगते. पाने प्लॅस्टिकला टेकू लागली आणि रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांच्या वर राहू लागले की, साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, तो काढावा. एका झटक्यात काढू नये. आतली पाने मऊ आणि देठ लांब झालेले असतात. त्यांना वाऱ्याची सवय नसते. पहिले दोन दिवस फक्त वेलीच्या पुढचे टोक उघडावे, मग दोन्ही बाजू उचलाव्यात, आणि शक्यतो ढगाळ व शांत दिवशी छप्पर उतरवावे. याच सुमारास उभी असलेली वेल जमिनीवर झुकते व वाऱ्यात बुंध्याशी मोडण्याचा धोका असतो, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना बांबूच्या काटक्या तिरप्या रोवून फुलीत ती धरून ठेवावी. कमानी मात्र आठवडाभर तशाच ठेवाव्यात. वाऱ्याच्या बाजूने त्यांवर कापड लावता येते आणि जूनमध्ये अनपेक्षित थंड रात्र आली तर सगळी खटपट पुन्हा करावी लागत नाही.

भर उन्हाळ्यात आच्छादनाचे उलटे काम

जूनच्या अखेरीस मुख्य वेल तीन-साडेचार मीटर झाली की तिच्यावरील मादी फुलाचे हाताने परागीभवन करतात. आदल्या संध्याकाळी उमलू घातलेली मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या जाळीदार कापडाने झाकून ठेवाव्यात, म्हणजे पहाटे मधमाश्यांच्या आधी आपल्याला पोहोचता येते. त्या दिवसांत पारा ३२ अंशांच्या पुढे गेला तर कोवळे फळ गळण्याचा संभव असतो. अशा वेळी फुलावर चार खुंटांवर शेडनेटचा तुकडा ताणून तीन-चार दिवस सावली करावी.

फळ फुटबॉलएवढे झाले की त्याच्यावर सावलीची कायमची सोय हवी. उन्हाने साल लवकर कडक होते, आणि कडक साल आत दिवसाला वीस किलोंनी वाढणाऱ्या गराला वाट देत नाही, मग ती तडकते. लाकडी चौकटीवर पांढरे सुती कापड ताणावे, चारही बाजूंनी वारा वाहता ठेवावा. प्लॅस्टिक थेट फळावर कधीही घालू नये. याच वेळी, म्हणजे फळ दोन माणसांना सहज सरकवता येते तेव्हाच, त्याच्याखाली पाच सेंटिमीटर जाडीचा कडक फोमचा तक्ता आणि त्यावर वाळूचा थर घालून घ्यावा. जुलैमध्ये याचे प्रयोजन जाणवत नाही, परंतु सप्टेंबरमध्ये थंड झालेल्या जमिनीकडे फळाची ऊब खालून जाऊ नये म्हणून हाच तक्ता उपयोगी पडतो, आणि तोपर्यंत फळाखाली काही सरकवणे केवळ अशक्य झालेले असते.

हंगामाचे दुसरे टोक

सप्टेंबरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी जपायच्या असतात आणि त्यांची आच्छादनेही वेगळी असतात. पहिली गोष्ट फळाची ऊब. पाचशे किलोंचा भोपळा बहुतांशी पाणीच असतो. तो एका अंशाने थंड होण्यासाठी त्यातून अर्ध्या युनिटाहून अधिक उष्णता बाहेर पडावी लागते, म्हणून दिवसा तापलेले फळ झाकून ठेवले तर ते रात्रभर स्वतःची ऊब टिकवते. उन्हे उतरण्यापूर्वी, पाचच्या सुमारास, त्याच्यावर कोरडी घोंगडी किंवा रजई घालावी, देठाचा भागही झाकला जाईल असे पाहावे, आणि सकाळी ऊन वर आल्यावर ती काढावी. पाऊस किंवा दव अपेक्षित असल्यास घोंगडीच्या वर, तिला न टेकता, चौकटीवर ताडपत्री असावी. ओली घोंगडी ऊब देत नाही. उलट देठाशी कूज लावते. आता सावलीचे पांढरे कापड दिवसा दूर केले तरी चालते, कारण या महिन्यातले मवाळ ऊन फळाला हवेच असते.

दुसरी गोष्ट पाने. पाने गेली की फळाचे पोषण थांबते, मग घोंगडीखाली ते कितीही उबदार असले तरी उपयोग नाही. परंतु ५० ते ९० चौरस मीटर पसरलेली संपूर्ण वेल झाकणे एका माणसाचे काम नव्हे. म्हणून फळाच्या दोन्ही बाजूंची मुख्य वेल आणि फळाजवळच्या दोन-तीन उपवेली एवढ्याच निवडाव्यात व त्यांवर ५० जीएसएमचे कापड घालावे. कापड पानांना टेकता कामा नये, कारण जेथे ते टेकते तेथूनच फ्रॉस्टचा चटका आत उतरतो. पानांपेक्षा वीतभर उंच खुंट रोवून त्यांच्या माथ्यावर रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या बसवाव्यात, म्हणजे कापड फाटत नाही. कडा जमिनीपर्यंत आणून विटांनी दाबाव्यात. बाजूंनी उघडे राहिलेले कापड छत्रीसारखे असते, त्यात जमिनीची ऊब अडकत नाही. एकदा घाईत मी खुंट न रोवताच कापड टाकले, रात्री पाऊस आला आणि भिजलेल्या कापडाच्या वजनाने सकाळपर्यंत फळाजवळचे निम्मे देठ मोडले होते. फ्रॉस्ट त्या रात्री पडलाच नाही.

ज्या रात्रीचे भाकीत निरभ्र आकाश, शांत वारा आणि ३ अंशांपेक्षा कमी तापमान असे असेल, ती रात्र धोक्याची समजावी. त्या दिवशी दुपारी माती ओलसर करून ठेवावी, कारण कोरड्या मातीपेक्षा ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवते. मात्र पाण्याचे प्रमाण एकदम वाढवू नये. या टप्प्यावर साल ताठर झालेली असते, आणि अचानक मिळालेल्या पाण्याने किंवा तापमानाच्या मोठ्या चढउताराने फळ देठाशी किंवा फुलाच्या टोकाशी तडकते. ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ या संघटनेच्या नियमांनुसार आतल्या पोकळीपर्यंत गेलेली चीर असलेला भोपळा अधिकृत वजनास पात्र ठरत नाही. त्यामुळे आणखी दहा किलोंच्या आशेने सगळा हंगाम पणाला लावायचा का, हे याच वेळी ठरवावे लागते. फळाचा घेर, तसेच एका बाजूच्या जमिनीपासून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत माथ्यावरून आडवे व उभे अशी तीन मापे टेपने घेऊन त्यांची बेरीज दर दोन दिवसांनी लिहून ठेवावी. आठवडाभर ती बेरीज हललीच नाही, तर आच्छादनांची खटपट थांबवून फळ कोरडे, सावलीत आणि स्थिर तापमानात राखण्याकडे वळावे.

मोठे पॉलिटनेल घ्यावे का

पॉलिटनेल म्हणजे कमानींवर प्लॅस्टिकचा कागद ताणून संपूर्ण वेल झाकणारे बोगद्यासारखे हरितगृह. विक्रमांकडे पाहिले तर हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. २०१६ साली ११९० किलोंचा भोपळा पिकवणारे बेल्जियमचे मथियास विलेमाइन्स हरितगृहात लागवड करत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १२७८.८ किलोंचा विक्रम करणारे इंग्लंडमधील लिमिंग्टनचे जुळे भाऊ इयान आणि स्टुअर्ट पॅटन यांचा भोपळाही आच्छादित जागेतच वाढला. इंग्लंड-बेल्जियमचा उन्हाळा सौम्य आणि पावसाळी असतो. तेथे पॉलिटनेल हंगामभर ऊब देते, पाऊस-गारा अडवते आणि पाण्यावर पूर्ण ताबा देते. मिनेसोटात किंवा कॅनडाच्या ऑन्टॅरिओत मात्र जुलैची दुपार स्वतःच २८-३० अंशांची असते, आणि पॉलिटनेलची दोन्ही टोके व बाजू पूर्ण उघडता येत नसतील तर ते मदतीऐवजी भट्टी होऊन बसते. भुरी रोगही बंदिस्त जागेत लवकर पसरतो. एका वेलीसाठी निदान आठ-नऊ मीटर लांबी-रुंदीची जागा झाकण्याचा खर्च पाहता, पहिली तीन-चार वर्षे वसंतातल्या लहान तंबूवर आणि मातीतल्या तापत्या तारेवर भागवावे, असा माझा सल्ला राहील. ज्यांना तरीही पॉलिटनेल उभारायचे आहे त्यांनी बाजूचे कागद गुंडाळून वर नेता येतील अशीच रचना निवडावी आणि छतावर जुलैपुरते ३० टक्के सावलीचे शेडनेट टाकण्याची सोय ठेवावी.

भोपळा काट्याकडे रवाना झाल्यानंतर आच्छादने तशीच पडू देऊ नयेत. कापड साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवावे. उघड्यावर ठेवलेल्या कापडात हिवाळ्यात उंदीर घर करतात आणि एप्रिलमध्ये हाती चाळणी येते. कागद आतली बाजू पुसून गुंडाळावा आणि कोणती कड चरात पुरायची आहे तिच्यावर रंगाने खूण करावी. पाइप सरळ करून बांधावेत, सळया मात्र जमीन गोठण्यापूर्वी उपटून घ्याव्यात. नोव्हेंबरनंतर त्या निघत नाहीत.